घरी विचारून खेळाडू आणणारा माणूस

शुक्रवारची जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, की रियाधमधलं निम्मं कोकण आडवं होतं आणि उरलेलं निम्मं कबड्डीला जातं. यूनुस हमदुले दुसऱ्या निम्म्यातला. अल मलाझमधल्या एका कार्गोच्या दुकानात तो कित्येक वर्षं लोकांची खोकी बांधून गावाला पाठवतो. ब्लँकेटं, खजूर, दुधाची पावडर, कुणाच्या बहिणीच्या लग्नाचा मिक्सर. खोकं बांधता बांधता समोरच्याशी कबड्डीवर वाद घालायचा, हा त्याचा खरा धंदा. स्वतः तो आयुष्यात एकदाही चढाईला गेलेला नाही. पोटाचा घेर पाहिला की कारण विचारावं लागत नाही. पण कोकण कबड्डी संघाच्या पाठीराख्यांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्याचा ॲडमिन तो. कुणाला डोक्यावर घ्यायचं आणि कुणाची सालटी काढायची हे तिथे बहुतेक वेळा यूनुसच ठरवतो.

संघाचे मुख्य प्रशिक्षक नसरुद्दीनभाई परकार. विजेच्या सामानाचं दुकान, मन मोठं, आवाज बारीक. त्यांचा सहायक तुकाराम भुवड. गुहागरकडचा माणूस, एसीसाठी पत्र्याचे डक्ट बनवणारा कारागीर, शहराबाहेर कंपनीच्या कॅम्पात राहणारा. पकडी शिकवायच्या आणि नवे खेळाडू शोधून आणायचे, ही त्याची दोन कामं. आणि या दोन्ही कामांत तो कसा कुचकामी आहे, हे यूनुस तुम्हाला पुढ्यातला चहा गार होईपर्यंत सांगू शकायचा.

पहिली तक्रार पकडींची. बाकीच्या संघांचे गडी चढाईला आलेल्याला धडक मारून रेषेबाहेर उडवतात, उचलून आपटतात. पब्लिक उभं राहतं, शिट्ट्या वाजतात. कोकण संघाचे गडी काय करतात? घोटा धरतात आणि धरून ठेवतात. आपटायचं नाही, उडवायचं नाही, हा तुकारामचा सक्त नियम. "पडायचंच झालं तर आपण खाली, तो वर," असं तो पोरांना शिकवायचा. म्हाताऱ्याला बसमधून उतरवताना आपण जसं सांभाळतो तसे हे लोक समोरच्याला पकडतात, असं यूनुसचं म्हणणं. त्यानेच संघाला 'अहिंसा मंडळ' हे नाव ठेवलं. नाव इतकं चिकटलं की हुफूफच्या स्पर्धेत निवेदकाने माईकवरून तेच पुकारलं आणि नसरुद्दीनभाईंना खाली बघावं लागलं.

दुसरी तक्रार खेळाडू आणण्याच्या पद्धतीची. ती यूनुसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. एका कॅम्पात खोकं उचलायला जायचं होतं म्हणून त्याने तुकारामला गाडीतून नेलं. सांगली जिल्ह्यातला एक नवा वेल्डर आलाय, समाधान लोखंडे नावाचा, वाऱ्यासारखी चढाई करतो, अशी बातमी होती. यूनुसला वाटलं, तुकाराम त्याला उठवेल, पळवेल, दंड-मांड्या बघेल. तुकारामने खजुराचा डबा पुढे ठेवला आणि विचारलं, "घरी कोण असतं?"

"आई," समाधान म्हणाला.

"लाव फोन."

स्पीकरवर भीमाबाईंचा आवाज आला. मागे भांडी वाजत होती.

"कोण बोलतंय?"

"मी तुकाराम भुवड, मावशी. रियाधवरून. समाधानला शुक्रवारी कबड्डीला न्यावा म्हणतोय. तुमची परवानगी पाहिजे."

"तिकडं बी कबड्डी? आवं, मी पोरगं कामाला धाडलंय."

"म्हणून तर विचारतोय. शुक्रवारी खेळेल, शनिवारी कामावर जाईल. हा माझा शब्द."

"आन् मोडून-बिडून घेतलं म्हंजी?"

"तर मला धरा."

"सगळी हाडं शाबूत धाडलीत मी," भीमाबाई म्हणाल्या, "तशीच माघारी पायजेत."

"मिळतील, मावशी."

एवढं झाल्यावर तुकारामने समाधानच्या दंडाकडे पहिल्यांदा पाहिलं. परत येताना यूनुसला हसू आवरेना. "तुकाराम, अरे तू खेळाडू बघायला गेलास की मुलगी?"

"मुलगी बघायला गेलं की एवढं कुठे विचारतात, यूनुसभाई," तुकाराम म्हणाला.

मग त्याने आपणहून थोडं सांगितलं. एरवी तो बोलणारा माणूस नव्हे. लग्न झालं आणि पुढच्याच महिन्यात तो तबूकला आला, तिथल्या एका बांधकामावर. तिथे शुक्रवारी कॅम्पात कबड्डी चालायची आणि तो डावा कोपरा सांभाळायचा. पहिल्या सुट्टीला घरी गेला तेव्हा ममता, त्याची बायको, म्हणाली, तुमचा फोन अवेळी वाजला की माझ्या मनात पहिलं येतं, काहीतरी मोडलं. हात मोडलेल्या माणसाला कंपनी किती दिवस बसवून खायला घालणार, हे गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. "तेव्हापासून मी घरी विचारतो," तुकाराम म्हणाला. "खेळतो एक, आणि घाबरून बसतात चार." यूनुसने मान डोलावली आणि सिग्नल सुटल्यावर विसरूनही गेला. त्याला चषक पाहिजे होता.

सामना संपला की तुकारामचा आणखी एक विधी असायचा. प्रत्येक गड्यापुढे तो आपल्या हाताची दोन बोटं धरायचा. "आवळ." गडी आवळायचा. पकड घट्ट असली की "जा, बसमध्ये बस." सैल असली की तिथेच शेक, मलम, पट्टी. लोक हसायचे. गाईचं दूध काढतोय जसा, असं यूनुसने एकदा ग्रुपवर टाकलं होतं आणि त्याला खूप अंगठे मिळाले होते.

समाधान यायच्या आदल्या वर्षी संघ अंतिम सामन्यात हुफूफकडून एका गुणाने हरला. शेवटच्या चढाईत हुफूफचा गडी पकडलेला असूनही हात लांबवून मध्यरेषेला टेकला. एक धडक मारली असती तर संपलं होतं, हे यूनुस ग्रुपवर वर्षभर लिहीत राहिला. त्यातच जुबैलमधल्या हर्षवर्धन सरांच्या चित्रफिती फिरू लागल्या. त्यांचे गडी भिंतीसारखे येऊन आदळत. पाठीराख्यांचा गलका एवढा वाढला की नसरुद्दीनभाईंनी एका शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा चषक आला तर तुकाराम राहील. नाही आला तर हर्षवर्धनना बोलवू. खलास."

तुकाराम मान हलवून "बरं" म्हणाला. त्याला ते पद किती हवं होतं, हे त्याच्याकडे नीट पाहणाऱ्याला कळलं असतं. कंपनीत तो हेल्मेटवरचा एक आकडा होता. शुक्रवारी मात्र कॅम्पाच्या फाटकावरचा नेपाळी पहारेकरीसुद्धा त्याला "कोच साब" म्हणून हाक मारायचा, आणि ती हाक ऐकली की हा पाठ ताठ करून चालायचा. पण नीट बघायला वेळ कुणाला होता?

समाधानने तो मोसम गाजवला. एकेका चढाईत दोन-दोन गडी टिपायचा. यूनुसनेही "आणलाय बरा" एवढं कबूल केलं. वर "नजर नाही, नशीब" हेही जोडलं. संघ पुन्हा अंतिम सामन्यात आला, समोर पुन्हा हुफूफ.

सामना शहराच्या कडेला भाड्याने घेतलेल्या एका इस्तराहाच्या, म्हणजे तिकडच्या फार्महाउसच्या, हिरवळीवर होता. मगरीबची नमाज झाली, दिवे लागले, उत्तरार्ध सुरू झाला. दोन्ही संघ बरोबरीत होते. समाधान चढाईला गेला आणि हुफूफच्या मधल्या गड्याने त्याला अशी धडक दिली की तो रेषेबाहेर खांद्यावर आदळला. उठला, गवत झटकलं, पब्लिककडे बघून हात केला. यूनुसचा जीव भांड्यात पडला. हात केला तो डाव्याने, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तुकारामच्या आलं. तो मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी गेला आणि त्याने समाधानच्या उजव्या हातापुढे दोन बोटं धरली. समाधानने दात आवळले, हात काही आवळला जाईना.

"कोच, काय नाय झालं. खेळतो मी."

"बस खाली."

"कोच, माझ्यापायी तुमचं..."

"खाली बस म्हटलं ना."

नसरुद्दीनभाई धावत आले. "तुकाराम, विचार कर. चषक आहे. तुझाही विचार कर."

"केला," तुकाराम म्हणाला. त्याने अंगातलं जाकीट काढून समाधानचा हात गळ्यात बांधला आणि बदली गडी आत पाठवला.

कोकण संघ दोन गुणांनी हरला.

यूनुसचं डोकं फिरलं होतं. त्याने निवेदकाच्या हातातला माईक ओढला आणि सगळ्या इस्तराहाला ऐकू जाईल असं म्हणाला, "नसरुद्दीनभाई, तुकाराम भुवडला आजच्या आज निरोप द्या. दोन वर्षांत दोन चषक घालवले या माणसाने!" लोक हसले, टाळ्या पडल्या. तुकाराम समाधानच्या खांद्यावर बर्फ धरून बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

नसरुद्दीनभाई बोलल्या शब्दाला जागले. शनिवारी समाधान कामावर गेला. डॉक्टरने सांगितलं होतं की हाड शाबूत आहे, खांदा ताणलाय; असाच दुसरा मार बसला असता तर हात वर जायचं विसरला असता. मुकादमाने त्याला काही दिवस हलकं काम दिलं. ही बातमी यूनुसला कळली तेव्हा तो म्हणाला, "बघा! हाड शाबूत होतं. म्हणजे खेळू शकला असता!" पाठीराख्याचं डोकं हे असं चालतं, त्याला इलाज नाही.

हर्षवर्धन सर आले. माणूस चांगला, शिकवण्यात हुशार, गर्व नावालाही नाही. दर वर्षी कुणाचा करार संपतो, कुणी सुट्टीवर जातो, म्हणून नवे गडी लागतातच. यूनुस त्यांना गाडीतून कॅम्पांवर फिरवू लागला. पहिल्याच कॅम्पात मनीष नावाचा चिपळूणचा प्लंबर भेटला, खांबासारखा उभा. सरांनी त्याला जागेवर चार उड्या मारायला लावल्या आणि खूश झाले. "येणार ना?"

"येतो की. घरी विचारतो," मनीष म्हणाला.

"घरी कशाला?" यूनुसने विचारलं.

मनीषने यूनुसकडे असं पाहिलं की जणू यूनुस कालच विमानातून उतरलाय. "कबड्डीला घरी विचारतात ना?" त्याने तिथेच फोन लावला. त्याच्या बायकोने एकच विचारलं, "भुवडभाऊ आहेत ना?" ते नाहीत म्हटल्यावर ती नको म्हणाली आणि विषय संपला. पुढच्या कॅम्पात एकाचे वडील तसेच. त्याच्या पुढच्या कॅम्पात पोरगा तयार, घर तयार, तर सुपरवायझर आडवा आला. "तुकाराम का लड़का है तो ले जाओ. उसका आदमी सटरडे को ड्यूटी पे आता है. और किसी की गारंटी मैं नहीं लेता."

तिसऱ्या कॅम्पातून बाहेर पडताना हर्षवर्धन सरांनी हात टेकले. "यूनुसभाई, मी कबड्डी शिकवतो. लोकांच्या सासूबाईंना पटवणं मला जमायचं नाही."

यूनुस गाडी चालवत राहिला आणि त्याच्या डोक्यात नको ते हिशोब सुरू झाले. हुफूफचे तीन गडी गेल्या मोसमात प्लास्टरमध्ये होते. जुबैलवाले तर निम्म्या मोसमानंतर कुणी सात माणसं देता का म्हणून फोन करत फिरत. कोकण संघाचे सगळे गडी मात्र शेवटपर्यंत उभे असत, म्हणून तर तो दर वर्षी अंतिम सामन्यात दिसे. ज्या पकडींना आपण नावं ठेवत होतो, त्या पकडींमुळेच गडी मिळत होते आणि टिकत होते. ही गोष्ट तुकारामने कधी बोलून दाखवली नव्हती. आपण कधी विचारलीही नव्हती. यूनुसने हात लांबवून एसी वाढवला.

तरी समाधान होता. खांदा पुरता बरा झाला होता. पण तोही म्हणाला, "आई न्हाई म्हणती." तेव्हा यूनुसने ठरवलं, आपण बोलू. बोलण्यात आपल्याला कोण हरवणार?

"भुवड न्हाईत व्हय?" भीमाबाईंनी विचारलं. "कुठं गेलं?"

"त्यांना बदललं, मावशी."

"कशापायी?"

यूनुसची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. "फायनलला त्यांनी समाधानला बाहेर बसवलं. आपण हरलो. म्हणून."

"बाहेर कशापायी बसवलं?"

समाधान जमिनीकडे बघत म्हणाला, "खांद्याला लागलं हुतं, आई. थोडंसंच."

"मला न्हाई सांगितलंस."

मग भीमाबाई यूनुसशी बोलल्या, आवाज न चढवता. "म्हंजी माझं पोरगं राखलं म्हणून त्या माणसाला काढलं तुमी. आन् आता त्येच पोरगं माझ्याकडं मागाय तुमी आलायसा. काढा म्हणून कोण म्हणलं?"

खोटं बोलायला वाव होता. नसरुद्दीनभाईंचं नाव घेता आलं असतं, पब्लिकचं घेता आलं असतं. "मी," यूनुस म्हणाला.

"लेकरं हायत तुमाला?"

"एक मुलगी आहे. इफरा."

"तिला शाळंत सोडताना कुणाच्या हाती सोडतोय, बघता का न्हाई?"

"ठिवते फोन. भाकरी करपली," भीमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. यूनुस समाधानच्या खाटेवर तसाच बसून राहिला. त्याला लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटतेय हे समाधानला दिसतंय याची आणखी वाटली.

घरी येऊन त्याने ग्रुपवर मोठा मजकूर लिहिला आणि पुसून टाकला. दुसरा लिहिला, तोही पुसला. शेवटी एवढंच पाठवलं : तुकारामला परत आणू या. माझं चुकलं. ज्याला पटत नसेल त्याने आत्ता बोलावं. त्याला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडेल. तर एकामागून एक सगळेच म्हणू लागले, मी तर पहिल्यापासून हेच सांगत होतो. कुणाला तुकारामच्या पकडींमधलं सौंदर्य दिसू लागलं. समाधानला शोधून आणणाऱ्याची नजर कशी, यावर एकाने निबंधच लिहिला. माईकवरच्या भाषणाला ज्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, ते आता तुकारामचे जुने भक्त निघाले. यूनुसने सगळं वाचलं. बोलायला त्याला तोंडच नव्हतं. हर्षवर्धन सरांना निरोप कळवला, तर ते मोकळे हसले. "मी चढाया शिकवतो, पकडी त्यांनी शिकवाव्या. आणि फोन तर त्यांनीच करावेत," म्हणाले.

शुक्रवारी अस्रच्या नमाजेच्या, म्हणजे दुपार कलायच्या सुमाराला नसरुद्दीनभाई आणि यूनुस तुकारामच्या कॅम्पात गेले. खोलीतले बाकीचे झोपले होते. तुकाराम खालच्या खाटेवर बसला होता. दाढी केलेली, नखं कापलेली, बुटांच्या नाड्या बांधलेल्या.

"कुठे निघालास?" यूनुसने विचारलं.

"कुठेच नाही," तुकाराम म्हणाला. "शुक्रवार आहे ना."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलत पुटपुटला, "दर शुक्रवारी असाच तयार होऊन बसतो. मगरीबला बूट काढतो."

यूनुसने वाटेत भाषण तयार केलं होतं. ते कुठल्या कुठे गेलं. नसरुद्दीनभाईच पुढे झाले. "तुकाराम, चूक झाली आमची. चल. पोरं वाट बघतायत."

तुकारामने त्यांचा मान राखून मान हलवली, पण पाहिलं यूनुसकडे. "तुमचं काय म्हणणं, यूनुसभाई?"

"माझंच चुकलं. मी आलोय ना."

"पुढच्या फायनलला असंच झालं तर मी पोराला पुन्हा बाहेर बसवणार. तेव्हा काय कराल?"

यूनुसने प्रामाणिकपणे विचार केला. अंतिम सामना, बरोबरी, समोर हुफूफ, आणि समाधान बाहेर. "शिव्या घालीन," तो म्हणाला. "तोंडावर ताबा राहणार नाही माझा, खोटं कशाला सांगू? माईक मिळाला तर माईकवरून घालीन. पण तुला काढू देणार नाही. कुणालाच."

तुकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलं नाही, मनगटाने पुसलं.

"शिव्या घाला हो. शिव्यांचं काही नाही," तो म्हणाला. "पण शुक्रवारी मला असं बसवून ठेवू नका. फार जड जातं."

यूनुसने त्याचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.